दोन जुने जोड

प्रिय ज्ञानू,

वॉर्डात काम करणाऱ्या मुक्ताबाई हे पत्र गपचूप तुझ्या उशीखाली ठेवतील. तुझा मोबाईल आमच्या सुदर्शनच्या खिशात, नि तो तुझ्या खाटेपासून हलत नाय, म्हणून कागद. अगं, काल त्यानं तुला आमच्या दवाखान्यात एक्स-रेला आणलं, तो फोटो मीच काढला.

कॉलेजात तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी तू माझ्याकडून सन घोकून घेतलं होतंस, अठराशे पंच्याण्णव! एक्स-रे शोधणाऱ्या त्या जर्मन प्रोफेसरानं बायकोच्याच हाताचा फोटो काढला, हाडं दिसली नि बोटातली अंगठी. विलायतेतल्या बायका म्हणे धास्तावल्या, आता आपलं आतलं सगळं दिसणार. लई हसलो होतो आपण. मग तू लग्न करून आमच्या घरात, बिडकीनला गेलीस, एक्स-रेचं मशीन माझ्याकडं राहिलं.

स्थळ मीच आणलं. माझा भाऊ सुदर्शन मुंगीलाही पाय लावत नाय, असं छातीठोकपणे सांगितलं. तू कोपरापर्यंत बांगड्या भरायचीस, मी चिडवायची, कासाराचं दुकान! मधेच फोनवर म्हणायचीस, बांगड्या वाढल्या. मला वाटायचं, भांडी घासताना फुटल्या. आग लागो माझ्या अकलेला! मागल्या दिवाळीला ताप म्हणून बिडकीनहून आली नाहीस, तो ताप हा होता तर.

काल बाथरूममधे घसरले म्हणालीस. बांगड्या काढू देईनास, मीच साबण लावून उतरवल्या. स्क्रीनवर फोटो आला नि मी तो मोठा करून पुन्हा पाहिला. कोपराखालच्या हाडात एक ताजं फ्रॅक्चर, त्याच हाडात भरून आलेले दोन जुने जोड, आणि मांसात रुतलेली बांगडीची काच. घसरलेल्या माणसाचं मनगट मोडतं गं. हे हाड असं मधोमध मोडतं, ते डोकं वाचवायला हात वर केल्यावर. आपण दोघी एकाच बाकावर बसून शिकलोय हे. आणि मी बाहेर आले तर सुदर्शन विचारतो, तनू, चहा घेतेस का. मी घेतला, ज्ञानू. प्यालेसुद्धा! ज्या हाताला राखी बांधते, त्याच हातानं दिलेला.

उद्या दहाला पोलीस तुझा जबाब घ्यायला येतील. डॉक्टरांना सांगून मीच बोलावलंय. दारात मी उभी असेन, तो नसेल. या वेळी घसरले म्हणू नकोस. आई मला पुन्हा उंबरा चढू देणार नाय, नाय तर नाय. माझा जबाब मी आज सकाळीच दिलाय. मारणाऱ्याशी नातं काय, असं विचारलं त्यांनी. सख्खा भाऊ असं सांगितलं आणि खाली सही केली.

तुझीच,
आधी मैत्रीण, मग नणंद,
तनुजा