सांगता येत नाही

४ सप्टेंबर

सहाशे झाले! डोळे चुरचुरताहेत, पण मजा आली.

भाचीने दिलेलं काम असं — तिने शेतांच्या बांधांवर अकरा खांब रोवलेत, त्यांवरच्या कॅमेऱ्यांनी काढलेले जमिनीचे फोटो एकेक करून बघायचे आणि बटण दाबायचं. एक म्हणजे साप. दोन म्हणजे साप नाही. तीन म्हणजे सांगता येत नाही. मी जे दाबेन त्यावरून यंत्र शिकणार. पुढे शेतात माणूस शिरला की खांबावरचा सेन्सर जागा होणार, कॅमेरा जमीन न्याहाळणार आणि साप ओळखला की भोंगा!

"आत्या, एकतीस वर्षं पोरांना शिकवलंस, आता या एका ठोंब्याला शिकव."

रिटायर झाल्यापासून कुणी काही मागितलं नव्हतं माझ्याकडे.

९ सप्टेंबर

वहिनी आली होती, भाचीची आई. भाऊ गेल्यापासून शेत तीच बघते. चाचणी म्हणून भोंगे आत्तापासूनच चालू केलेत, तर खांबांना सगळे टिटवी म्हणायला लागलेत म्हणे. "अगं, तुमची टिटवी काल पाण्याच्या नळीला बघून बोंबलली! मी आपले नळीला हात जोडले, म्हटलं जा बाई, वाट सोड." हसून हसून ठसका लागला मला.

ती लग्न होऊन आली तेव्हा मी अकरावीत. दादा झोपला की ती माझ्या खोलीत यायची, एका उशीवर दोन डोकी ठेवून आम्ही बडबडायचो. तिला अजून सवय आहे — बसली की माझा हात ओढून मांडीवर घेते आणि बोटं मोडत बोलते. माझी बोटं, तिची नव्हे!

१५ सप्टेंबर

भाचीचा फोन. "आत्या, चार हजार फोटो झाले, तिसरं बटण एकदाही नाही?"

"मला कळतं म्हणून नाही."

"अगं, तीन दाबलंस की तो फोटो सर्पमित्राकडे जातो, तो बघून सांगतो. त्यात लाज कसली?"

लाज नाही, वळण. आमच्या कॉन्व्हेंट शाळेत "माहीत नाही" म्हणणारी मुलगी बाकावर उभी राहायची. सिस्टर डोळ्यांत डोळे घालून म्हणायच्या, "डिसाइड, चाइल्ड!" तेच मी पुढे माझ्या वर्गात चालवलं. भाचीलाही चौथीत उभं केलं होतं, पूर्ण तास. आठवण काढली तर म्हणाली, "पोटऱ्या अजून दुखतात, बाई!"

किती गोड हसते ती. दादासारखी.

१ ऑक्टोबर

संपले! सहा हजार दोनशे. भाचीने फोनवरच शिट्टी मारली.

२२ ऑक्टोबर

वहिनीला फुरसं चावलं. भुईमूग उपटत होती. उजव्या हाताला. भोंगा वाजलाच नाही.

२४ ऑक्टोबर

जीव वाचला. इंजेक्शनं वेळेत मिळाली. करंगळीचं टोक मात्र काढावं लागणार. वहिनी सुजलेला हात उशीवर ठेवून म्हणते, "करंगळी काय, कान खाजवायलाच लागते!" नर्सला हसू आलं, मला नाही.

बाहेर बाकावर भाचीने लॅपटॉप उघडून फोटो दाखवला. सातव्या खांबाचा, वहिनी वाफ्यात शिरली त्या क्षणाचा. वाळका पाला, आणि पाल्यातच वेटोळं, पाल्याच्याच रंगाचं. खाली यंत्राचं उत्तर — साप नाही, एक्क्याण्णव टक्के.

"इतकं ठामपणे कसं म्हणतो हा? कुठे शिकला?" ती स्वतःशीच बोलत होती.

मी थर्मासचं झाकण लावत राहिले.

२७ ऑक्टोबर

आज माझे जुने फोटो उघडून बसले. वाळक्या पाल्याचे तेवढे वेगळे काढले. एकोणीस निघाले ज्यांच्यावर मी तेव्हा रेंगाळले होते. मला आठवतंय रेंगाळणं! चष्मा पुसला होता, खुर्ची पुढे ओढली होती. काही तरी आहे असं वाटलं होतं. आणि मग दोन. एकोणीस वेळा दोन.

ठोंब्या शिकला ते माझ्याकडून. ठामपणासकट.

२९ ऑक्टोबर

शेतकऱ्यांची बैठक झाली. भाची उभी राहिली, सरळ म्हणाली, "यंत्र माझं, चूक माझी. पण कशामुळे झाली ते अजून सापडलेलं नाही." कुणीतरी मागून, "टिटवी नळीला ओरडते आणि सापाला सलाम करते!" सगळे हसले. ती खाली बघत राहिली. खांब काढायचे ठरले. खोट्या भरवशापेक्षा काही नसलेलं बरं, असं म्हणणं पडलं.

एक पाणीवाला तेवढा उठला. पाटाची दारं उघडतो तो. "माझ्या दाराजवळचा एक तरी राहू द्या. मला रोज उजाडायच्या आत झुडपात हात घालावा लागतो. दोनदा वाजला तो, दोन्ही वेळा खरा साप होता." त्याला म्हणाले, खाली बस बाबा, एकासाठी कुठे ठेवायचा.

मी तिसऱ्या रांगेत होते. दोन वाक्यं बोलायची होती. पदर नीट केला, घसा साफ केला. शेजारच्या बाईंनी विचारलं, "पाणी हवंय का?" मी म्हटलं, हो.

पाणी प्यायले.

३० ऑक्टोबर

उद्या सांगेन.

३१ ऑक्टोबर

भाची आली, जेवली नाही. "आत्या, दुसरीकडे नोकरी बघते." तोंडाशी आलं होतं. पण ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. झोपलेल्याला काय सांगायचं! — हेही निमित्तच.

२ नोव्हेंबर

अकराही खांब काढले. ट्रॅक्टरमधून घेऊन गेले. खड्डे बुजवले की नाही कोण जाणे.

५ नोव्हेंबर

सांगितलं.

एकोणीस फोटो तिच्यासमोर ठेवले. म्हटलं, "हे मला कळत नव्हते. मी कळल्यासारखं केलं." ती एकेक बघून सर्पमित्राला पाठवत गेली. अकरा फोटोंत फुरसं होतं. वाटलं, ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आत्या, इतकंच होतं? मी पंधरा दिवस कॅमेरे उघडून बघतेय, वायरी बदलतेय! हे बदलायला दोन दिवस लागतात गं. बैठकीत बोलली असतीस तर खांब निघालेच नसते."

मग रडली. मग डोळे पुसून फोन लावायला बसली. संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे होकार आले! एकाने टोमणा मारला, "बाईंनीच पेपर चुकीचा तपासला म्हणायचा!" मारू दे.

आठ तारखेला खांब पुन्हा उभे राहणार. पाटाच्या दाराजवळचा सगळ्यात आधी.

वहिनीलाही सांगितलं. तिने हात ओढून घेतला, पण बोटं मोडली नाहीत. नुसता धरून बसली.

७ नोव्हेंबर

पाणीवाला गेला. उजाडायच्या आत, पाटाचं दार उघडताना साप चावला.