ढिगाऱ्यातला पांढरा कागद

आदरणीय स्वच्छता निरीक्षक साहेब,

‘इथे कचरा टाकू नका’ असं चित्र गल्लीतल्या भिंतीवर काढायला तुम्हीच मला सांगितलंत. पण वस्तू समोर असल्याशिवाय मी रेघ ओढत नाही, म्हणून महिनाभर तिथला कचरा कुणाला हलवू दिला नाही. लोक नाक दाबून जात आणि मी केळ्याच्या साली रंगवत बसे. परवा तुमच्या माणसांनी ढीग उचलला आणि चित्र अर्धवट राहिलं. मग काल घरचा कचऱ्याचा डबा मीच तिथे ओतला. शेजारच्या काकू खिडकीतून म्हणाल्या, “समाजसेवा जोरात चाललीय वाटतं!”

उद्या चित्राच्या उद्घाटनाला तुम्ही येणार, म्हणून ही कबुली लिहिली. पण पाठवत नाही. चित्रात पुढे एक चुरगळलेला कागद कमी पडतोय.

आपला,
भिंतीवरचा चित्रकार