जुन्या पत्त्यावर गेलेली हाक

हँकॉक, मिशिगन
९ फेब्रुवारी

प्रिय ईरो,

तू आणि मुली ठीक असाल. मी बरी आहे. जेवते, झोपते. छपरावरचा बर्फ उतरवून घेतला. बाबांच्या शेजारच्या लेम्पीमावशी वेलचीचा गोड पाव देऊन गेल्या, तो तसाच पडलाय. बाबांसाठी प्रार्थना शनिवारी, चर्चमध्ये. जमीन गोठलेली, म्हणून दफन मे महिन्यात, तोवर शवपेटी दफनभूमीच्या कोठीत.

काल तू ॲम्ब्युलन्सच्या वॉल्टरला फोन करून नको नको ते बोललास. "रस्ता बंद होता म्हणे! खोऱ्यानं वाट काढता आली नाही?" तो संध्याकाळी माझ्याकडे आला होता. दारातच उभा राहिला. "कायसा, मला हाक आलीच नाही गं," एवढंच म्हणाला. मी त्याला आत बोलावलं नाही.

हाक खरंच गेली नव्हती.

बाबांच्या गळ्यातलं मदत बोलवायचं बटण आमच्याच कंपनीचं. ते दाबलं की घरातली पेटी आमच्या सर्व्हरला निरोप पाठवते. सर्व्हरचा पत्ता ती डीएनएसला, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांच्या वहीला, विचारते आणि थोडा वेळ लक्षात ठेवते. मंगळवारी आम्ही नव्या सर्व्हरवर गेलो, सेवा क्षणभरही बंद न पाडता. पत्ता बदलला. पेट्यांनी मिनिटाभरात नवा पत्ता विचारायला हवा होता. बाबांच्या पेटीनं विचारलाच नाही, जुनाच धरून बसली. आणि जुना सर्व्हर आम्ही खबरदारी म्हणून चालू ठेवला होता. त्याच दिवशी बाबांनी पडल्यावर बटण दाबलं, तो निरोप त्यानं स्वीकारला, "मिळाला" म्हणून कळवलं, पेटीवर हिरवा दिवा लागला. तिकडे बघणारं माणूस मात्र कुणी नव्हतं. माझ्या पडद्यावर सगळं ठाकठीक होतं. ऑफिसात केक कापला. मीही खाल्ला.

दुसऱ्या दिवशी पायऱ्यांवरचा बर्फ झाडलेला दिसेना, म्हणून लेम्पीमावशी आत गेल्या. बाबा स्वयंपाकघरात पडले होते.

हॉस्पिटलात ते शुद्धीवर होते. मी विचारलं, "फोन हाताशी होता ना? का नाही केला?"

"अगं, दिवा लागला होता की. मदत निघालीय म्हटल्यावर पुन्हा कशाला कुणाला पळवायचं?" मग म्हणाले, "कुठे अडकली गं पोरं?"

"रस्ता बंद होता, बाबा. बर्फ."

"असू दे. वॉल्टरला काही बोलू नका हं."

त्यानंतर ते गेले. तुलाही मी रस्त्याचंच सांगितलं. तेव्हा तेच तोंडात आलं.

तशा आणखी काही पेट्या सापडल्या, त्या बदलल्या. त्या घरांतून कुणी बटण दाबलं नव्हतं. कंपनीच्या वकिलानं कुणाला काही लिहायचं नाही म्हणून बजावलंय. या पत्राची एक प्रत मी आज वॉल्टरच्या घरी देऊन येतेय.

शनिवारी शवपेटीला खांदा द्यायला त्यालाही सांगणार आहे. तो आला, तर त्याच्या शेजारी उभा राहा. माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल.

तुझी बहीण,
कायसा