मागे न वळण्याचा सराव

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार (कागदावर घालतो आहे, त्यामुळे या खेपेला खरोखरच आठही अंगे टेकली आहेत). तुझा खोकला कसा आहे? भावजींचा खांदा आता वर जातो का, की अजून त्यांच्या शर्टाच्या बाह्या तूच चढवतेस? फोनवर तू 'आम्ही बरे आहोत' म्हणालीस, पण ज्या सुरात म्हणालीस त्यावर मी दोन दिवस विचार करत होतो. शेवटी सूर साधाच होता असे ठरवले. आम्हीही बरे आहोत. म्हणजे घराला सध्या कुलूप नाही, माझा डावा बूट हिरवा झाला आहे आणि इमारतीतले लोक आमच्याकडे दयेने बघतात, पण तब्येती उत्तम.

या सगळ्याच्या मुळाशी एक घळई आहे. तुझी भावजय शाळेत भूगोल शिकवते आणि दर वर्षी फळ्यावर घळईची आकृती काढते, हे तुला ठाऊक आहे: दोन उभे पांढरे कडे आणि तळाशी निळ्या खडूची नदी. यंदा पहिल्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "बाई, तुम्ही खरी बघितलीय का?" ही नाही म्हणाली. घरी आली तेव्हा बोटांना निळा खडू तसाच होता. हातही न धुता तिने संगणक उघडला आणि तिघांची तिकिटे काढली. तिथे म्हणे कड्याच्या पोटात लोखंडी खुंट्या ठोकून त्यांवर फळ्या टाकल्या आहेत. रुंदी एका माणसाची, एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला काहीच नाही, खूप खाली नदी. डोक्यावर हेल्मेट देतात (कड्यावरून पडणाऱ्या खड्यांसाठी, स्वतः पडणाऱ्यांसाठी काय देतात ते कुठे लिहिलेले सापडले नाही). पण ताई, उंचीची मला भीती नाही, हे मी गॅलरीतून खाली वाकून, स्वतःला नीट विचारून लिहितो आहे. अडचण सूचनांमधल्या एका वाक्याची आहे: 'मार्ग एकदिशा आहे. आत शिरल्यावर मागे फिरता येणार नाही.' ते तिने मोठ्याने वाचले, मग आणखी एकदा वाचले आणि म्हणाली, "हे तुझ्यासाठीच लिहिलंय."

घर सोडताना मी कुलूप एकदा ओढून बघतो, हे तू जाणतेस (कोपऱ्यापर्यंत जाऊन, परत येऊन जे बघतो ते मी त्यात धरत नाही). औषधांच्या कारखान्यात बाटल्यांची झाकणे घट्ट बसली आहेत की नाहीत, हे बघण्याचा मला पगार मिळतो. पट्ट्यावरून येणारी बाटली उचलायची, झाकण पिळून बघायचे, खाली ठेवायची आणि शंका आली तर पुन्हा उचलायची. तिथे शंका येणाऱ्या माणसाला बढती मिळते, घरी त्याच शंकेला बोलणी बसतात. यात खोट माझी की कारखान्याची, याचा मी प्रामाणिकपणे विचार केला, पण निर्णय होत नाही. मागच्या सहलीला मी स्टेशनवरून गॅस बघायला घरी आलो (बंद होता) आणि गाडी निघून गेली. म्हणून या वेळी तिने निकालच दिला. "फळीवर मी पुढे असेन. मागे वळून बघणार नाही. तू मधनंच परत फिरलास तर दुसऱ्या टोकाला मी एकटी पोचेन, आणि मग यापुढे कुठेही एकटीच जाईन." रागावून म्हणाली असती तर चालले असते. ती कपडे वाळत घालता घालता म्हणाली.

आमची कन्या कॉलेजात मानसशास्त्र शिकते, त्यामुळे घरात हल्ली मलाच अभ्यासक्रम समजतात. तिने सराव ठरवला: दाराला कुलूप लावायचे आणि कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपापर्यंत मागे न वळता जायचे. पहिल्या दिवशी मी फाटकापर्यंत व्यवस्थित गेलो. तिथे मनात आले की अट वळण्याची आहे, जाण्याची नाही. मी अजिबात वळलो नाही, तोंड पंपाकडे ठेवून उलटा चालत आलो. (हा अटीचा भंग होता का, यावर रोजनिशीत दीड पान लिहिले आहे.) फाटकाला रंग देणाऱ्या रंगाऱ्याने "साहेब, डबा" असे सांगितले खरे, पण वळून बघायचे नाही असे ठरलेले असल्यामुळे मी बघितले नाही. आता फाटकापासून आमच्या दारापर्यंत आणि दारापासून फाटकापर्यंत डाव्या पावलाचे हिरवे ठसे आहेत. मी दारापर्यंत गेलोच नाही, असे कुणाला सांगण्याची सोय उरली नाही.

मग कन्या म्हणाली, "बाबा, कुलपाचा फोटो काढा. शंका आली की फोटो बघा." कारखान्यात बघितला. कुलूप स्वच्छ दिसत होते, पण ते आजचे की कालचे? (फोटोला तारीख असते म्हणे, पण ती फोनची. फोन चुकत नाही कशावरून?) म्हणून दुसऱ्या दिवशी कुलपाशेजारी त्या दिवसाचे वर्तमानपत्र धरून फोटो काढला. नेमके ते समोरच्या गृहस्थांनी बघितले. ते निवृत्त बेलिफ. कोर्टाच्या हुकमाने लोकांच्या घरांवर जप्तीचे कागद लावण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. संध्याकाळी ते आले आणि आवाज खाली करून म्हणाले, "आयुष्यभर हेच केलं हो मी. कुणाला बोलणार नाही. कधीपर्यंतची मुदत आहे?" मला वाटले, सहलीबद्दल विचारताहेत. म्हणालो, "महिनाअखेरची. नंतर मागे फिरता येत नाही." त्यांनी माझा खांदा दाबला. कुणाला न बोलल्याचा परिणाम असा की दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या बाईंनी आमच्या दोन खुर्च्या परत आणून दिल्या (त्या आमच्या होत्या हे आम्हीच विसरलो होतो) आणि तळमजल्यावरच्या काकूंनी हिला हळूच विचारले, "फ्रिजपण नेणार का गं?" हिला काही कल्पना नाही. ती हसून म्हणाली, "छे, फ्रिज इथेच राहील. जाणार फक्त आम्ही तिघं." काकू जिन्यातच बसल्या.

शेवटचा उपाय कन्येने पुस्तकातून काढला. "एकदा मन भरेपर्यंत ओढून घ्या, म्हणजे पुन्हा ओढावंसं वाटणारच नाही." मी मन भरेपर्यंत ओढले. मन भरण्याआधी कोयंडा स्क्रूंसकट हातात आला. ही बाहेर आली, माझ्या हाताकडे बघितले आणि म्हणाली, "आता बघ, नीट लागलंय का."

आणि ताई, नवल पुढेच आहे. घराला कुलूप नाही, म्हणजे ओढून बघायलाही काही नाही. गेला आठवडाभर मी दार नुसते लोटून घेतो आणि एकदाही न वळता कारखान्यात जातो. (समोरचे गृहस्थ दिवसभर दारासमोर खुर्ची टाकून असतात. जप्तीच्या मालाला ते कुणाला हात लावू देणार नाहीत.) तेव्हा मी बरा झालो आहे, असे पूर्ण विचारांती कळवतो. महिनाअखेरीस घळई. तिच्या मागे चालेन आणि दुसऱ्या टोकाला तिच्या पाठोपाठ पोचेन. माझी काळजी नसावी. भावजींना नमस्कार.

तुझा धाकटा,
आता सुधारलेला

ता.क. आत्ताच सुतार येऊन नवा कोयंडा बसवून गेला. पहिल्यापेक्षा मजबूत आहे, म्हणजे ओढायला जोर जास्त लागेल. म्हणून एक विनंती, म्हणजे खरे तर याचसाठी पत्र लिहायला घेतले होते: ते चार दिवस तू आमच्या घरी येऊन राहशील का? घरात माणूस असले की कुलूप लागत नाही.

ता.क. २ आलीस तर गॅस पेटवू नकोस. अविश्वास नाही, पण लहानपणी दूध तापत ठेवून तू पुस्तक घेऊन गच्चीत गेली होतीस. चहा थर्मासमध्ये भरून ठेवू. चार दिवसांचा.

ता.क. ३ ताई, मी लिहितेय. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलंय. हा गेला असता तर आत पडलं का ते बघायला पेटीत हात घातला असता. घर राखायला येऊ नका. लेकीची परीक्षा आहे, ती घरीच असेल; तिसरं तिकीट पहिल्यापासून तुमच्या नावाचं आहे. त्याला अजून सांगितलेलं नाही. तुम्ही एकदा म्हणाला होतात, शाळेत जाताना तुम्ही त्याच्या मागे चालायचात, आणि तो वळला की कानाला टिचकी. फळी एका माणसाचीच आहे. मी पुढे, हा मध्ये, तुम्ही मागे. वळून बघणार नाही म्हटलंय, ते बघणार नाहीच. पण मागून त्याची पावलं ऐकू आली पाहिजेत हो मला.

ता.क. ४ पाकीट नीट चिकटले आहे का ते बघायला उघडले (चिकटलेले होते). वरचे वाचले. लेक आत असताना बाहेरून कुलूप लावावे का, असा एक विचार आला होता, तो सोडून दिला. हिला काही बोललो नाही. पाकीट पुन्हा चिकटवून जिथे होते तिथेच ठेवतो.

तू ये, ताई. हेल्मेट कानांवरून येते की कान मोकळे राहतात, ते विचारून ठेवतो. मोकळे राहिले पाहिजेत. निघताना तू तुमचा गॅस बंद केलास का, हे मी तुला सबंध वाटेत विचारणार नाही.

(पण करशील ना?)