प्रशिक्षणाला गेलेली बहीण

प्रिय दादा,

'प्रिय' रीत म्हणून लिहिलंय. सध्या तू मला फारसा प्रिय नाहीस. महिनाभर माझा फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. कागद मध्येच कट करता येत नाही.

मनोरुग्णालयातून घरी येऊन मला सात आठवडे झाले. तू मला दारापर्यंत आणलंस आणि जिन्यातच शेजारच्या काकूंना सांगून टाकलंस की मी प्रशिक्षणाला गेले होते. चष्म्याच्या काचा घासायच्या नव्या यंत्राचं प्रशिक्षण, पाच आठवडे, राहण्याजेवणाची सोय! किती सफाईदार खोटं बोलतोस रे. मी शेजारीच उभी होते, गोळ्यांनी जीभ टाळूला चिकटलेली, आठ किलो उतरलेली, केसांच्या जटा झालेल्या. माणसाची अशी दशा करणारं यंत्र कोण विकत घेईल? काकू काही मूर्ख नाहीत. भेटल्या की डोळे बारीक करून विचारतात, "काय म्हणतंय यंत्र?" मी सांगते, "जोरात चाललंय."

घरात तर रोजचा तमाशा. आईने सुऱ्या, कात्र्या, नेलकटर, सगळं कपाटात घालून कुलूप लावलंय. आता एक कांदा चिरायचा तर कुलूप उघडा, सुरी काढा, चिरा, धुवा, परत कुलूप. माझ्याकडे बघून कसनुसं हसते आणि म्हणते, "गंजतात गं बाहेर." बाथरूमची कडी तू काढून नेलीस, म्हणून आंघोळीला गेलं की मी मोठ्याने गात राहायचं असा तिचा नियम. आवाज थांबला की ती दार ठोठावते. मला गाता येत नाही, हे अख्ख्या घराला माहीत आहे. मी पाढे म्हणते. एकोणतीसच्या पाढ्यात दर वेळी अडखळते, की लगेच दारावर थाप.

भेटायला येणाऱ्यांची तर कीवच येते. मावशी म्हणाली, "मन कशात तरी रमव." जसं काही मन म्हणजे कुत्र्याचं पिल्लू, चेंडू टाकला की धावलं! काका म्हणाले, आमच्या वेळी असल्या आजारांना वेळच नव्हता कुणाला. मी म्हटलं, "काढावा लागतो, काका." ते चहा अर्धा टाकून उठले. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तेवढीच शांतता मिळाली.

दुकानात मालकांनी माझ्या हातातून स्क्रूड्रायव्हरच काढून घेतला. चौदा वर्षं मी तिथे काचा घासून फ्रेममध्ये बसवतेय. आता चष्मे पुसायच्या फडक्यांच्या घड्या घालून डब्यांत भरते. "हळूहळू, ताई, हळूहळू," असं म्हणतात, आवाज असा की जणू मी नुकतीच चालायला शिकलेय.

खरं सांगू? सगळ्यात जास्त तिरस्कार मी स्वतःसाठी राखून ठेवलाय. सकाळी टूथब्रश हातात घेऊन पलंगाच्या कडेला बसते, ती कधीकधी अकरा वाजेपर्यंत. उठून चार पावलं जायचंय, एवढंच, हे मला कळतं. कळून उपयोग होत नाही. लोकांना वाटतं मी रडत असेन. रडू आलं असतं तर मी उड्या मारल्या असत्या रे. काहीच येत नाही. दिवस ओल्या गोधडीसारखा अंगावर पडून असतो, आणि गोळ्या घेतल्या की ती गोधडी एका बाजूने जराशी उचलली जाते, एवढंच. पण जाते. हे लिहायला मला आवडत नाही, तरी लिहितेय.

गेल्या आठवड्यात मालक जेवायला गेलेले असताना एक निवृत्त मास्तर दुकानात आले. चष्म्याचा स्क्रू पडून दांडी हातात आलेली. मी खण उघडून स्क्रूड्रायव्हर घेतला. गोळ्यांनी हात थरथरतो, स्क्रू तीनदा पडला, तिसऱ्यांदा तर गुडघ्यांवर बसून शोधावा लागला. मास्तर नुसते उभे. शेवटी बसला एकदाचा. त्यांनी चष्मा घातला, आरशात पाहिलं आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "डावी बाजू वर आहे. नीट करा." दादा, खरंच वर होती! घरी आल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी मला माझी चूक दाखवली होती. मी दांडी गरम करून सरळ केली. त्या दिवशी दोन्ही वेळा पोटभर जेवले.

आता मुद्द्याचं. काल वहिनी दुकानात आली, चष्म्याचं निमित्त करून. काचांबद्दल दोन वाक्यं बोलली आणि काउंटरला धरून रडायला लागली. अकरा दिवस तू कामावर गेलेला नाहीस, ऑफिसात पाठदुखी कळवलीयस. पडदे ओढून पडलेला असतोस, ताट तसंच परत येतं. आणि वर तिला दम, "धाकटीला कळता कामा नये." का रे? मी खचेन म्हणून, की माझ्यासारखं झाल्याची लाज वाटते म्हणून? मलाही वाटली होती. त्या लाजेपायी मी चार महिने तुझ्यापासून लपवलं, आणि मग कुठल्या अवस्थेत तू मला उचलून गाडीत घातलंस, ते तुला आठवतंय. तितकी वाट मी तुला पाहू देणार नाही. बुधवारी साडेदहाला माझ्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतलीय. नाव तुझं खरं दिलंय. मालकांकडे सुट्टी मागताना सांगितलं, भाऊ आजारी आहे, आणि कशाने तेही सांगितलं. मी नऊला येते. तुला उठायलाच तास लागेल, तो मी धरलाय. दाढी नको, आंघोळ नको. सदरा उलटा घातलास तरी मी काही म्हणणार नाही, फक्त चल.

तुझीच, कितीही चिडले तरी,
धाकटी