सव्वीस इंचांचं पातं

ब्रायन,

मी जमिलाभाभींबरोबर बाजारात जातेय, दुपारी येईन. बांगड्याचं कालवण गॅसवर आहे, गरम करून घे. अंगणातलं वेल्डिंग मशीन तू चालूच ठेवून गेलास, ते मी बंद केलं.

आता दुसरं. आपल्या अर्बाबने, मालकाने, लिलावातून आणलेलं ते बर्फ लोटायचं पातं आपल्या शेतावरच्या ट्रॅक्टरला बसवायचंय, वाळू लोटायला, असं तू म्हणालास. दोन्ही टोकांना पत्रे जोडलेस, छान झालेत. पण ट्रॅक्टरला जोडायच्या मागच्या दोन भोकांमधलं अंतर मी मोजलं. सव्वीस इंच. भिंतीला टेकवलेल्या आपल्या ट्रॅक्टरच्या जुन्या पात्याचं एकतीस आहे. मग हे आपल्या ट्रॅक्टरला बसणार कसं? माप चुकलं म्हणू नकोस. तुझं सूतभर चुकत नाही, आणि ब्लाउज शिवून शिवून माझंही नाही.

ईस्टरला रुस्ताक गावी गेलो, तेव्हा तुझ्या चुलतभावाच्या, एडवर्डच्या अर्बाबच्या ट्रॅक्टरमागे तू अर्धा तास वाकून होतास. ‘सहज बघत होतो’ म्हणालास. तेव्हापासून माझ्या टेपवर सव्वीसच्या आकड्याला ग्रीसचा डाग आहे. साबणाने जात नाही.

आपल्या जोशुआच्या इथल्या शाळेचा फॉर्म अजून फ्रिजवरच पडलाय. विचारलं की ‘इन्शाल्ला, बघू’.

एडवर्डच्या अर्बाबकडे कामाला जायचं ठरवलंयस ना? टेप या चिठ्ठीवर ठेवलीये. रुस्ताकच्या घराच्या खिडक्यांचं माप घेऊन ये, पडदे मलाच शिवायचे असतील ना? नसतील, एकटाच जाणार असशील, तर तेही तोंडाने सांग.

लुसी