गिटारची गवसणी

दादा,

आधी कबुली देते: तुझी गिटार मी विकली. पुरात खालची वस्ती गेली, म्हणून आम्ही कॉलेजच्या पोरापोरींनी जुन्या वस्तूंची विक्री मांडली. लोकांकडे मागायचं आणि आपल्या घरातलं लपवायचं, हे मला जमेना.

घेतली कोणी? बाबांनी! 'टुणटुण बंद कर, नाहीतर चालता हो' म्हणणाऱ्या बाबांनी. वर मलाच, "पूरग्रस्तांसाठी घेतली. दात काढू नकोस."

आता गिऱ्हाइकांचे कपडे बाजूला सारून, मशीनवर तिला गवसणी शिवतायत. हे पत्र मी पेटीत टाकत नाही. तुला बोलवायचा मान त्यांचाच. काल विचारलं, "पट्ट्यासाठी दादाच्या खांद्याचं माप वहीत बघू?"

मान वर न करता म्हणाले, "साडेअठरा."

तुझी,
गिटारचोर